पंच्याहत्तर टक्क्यांची म्हातारी

वैजयंती खिल्लारे माझ्या गाडीवर कंडक्टर म्हणून आली त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी तिच्यावर जितका वैतागलो तितका बायकोवरही वैतागलो नसेन. बायको हे वाचणार आहे हे माहीत असूनही लिहितो आहे.

मी भागवत गोटे, एसटीचा ड्रायव्हर. रिसोडहून निघायचं, शिरपूर जैनवरून मालेगाव, आणि परत. वैजयंती आणि मी एकाच गावचे, शिरपूरपासून आत चार किलोमीटर. ती विहाराकडच्या आळीतल्या माणिकराव अंभोऱ्यांची मुलगी, मी गावातल्या शालिग्राम गोट्यांचा मुलगा. ती एक्केचाळीसची, मी चौपन्नचा. प्रवाशांसमोर मी तिला मॅडम म्हणतो, एरवी वैजयंती. ती मला भागवतभाऊ म्हणते आणि त्यातल्या भाऊवर असा जोर देते की पुढे काहीतरी ऐकून घ्यावं लागणार हे समजतं.

ही बाई कुणाचं काही ठेवून घेत नाही. तुम्ही तिला आज चहा पाजा, उद्या ती तुम्हाला पाजणार म्हणजे पाजणार. तुम्ही रजेवर असाल तर परवा पाजेल, पण विसरणार नाही. एकदा माझ्या घरून तिच्यासाठी पुरणपोळ्या पाठवल्या. डबा रिकामा परत आला नाही, त्यात धिरडी आली. मग माझ्या बायकोने त्यात लाडू भरून पाठवले आणि तो डबा दोन महिने मालेगाव-रिसोड करत राहिला. शेवटी मीच तो एका थांब्यावर विसरल्याचं नाटक केलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

अशा बाईच्या मोबाइलमध्ये तिच्या मुलीने, स्नेहाने, तो गेम टाकून दिला. स्नेहा अकोल्याला नर्सिंगला आहे. आईला विरंगुळा म्हणून तिने टाकला आणि ती आपली होस्टेलला निघून गेली. भोगायला मी उरलो.

गेमचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. आम्ही त्याला धरणाचा गेम म्हणायचो. कुठल्याशा थंड मुलखात डोंगरात एक धरण आहे, ते फुटायला आलंय. खाली गाव आहे, चारशे घरांचं. तुम्ही एक बाई आहात, तुम्ही घरोघर जायचं आणि लोकांना समजावून वर डोंगरावर न्यायचं. लोक काही ऐकत नाहीत. एकाला दुकान सोडवत नाही, एकीचा नवरा परदेशातून येणार असतो, एकाचा कुत्रा सापडत नाही. सगळं बोलणं इंग्रजीत. वैजयंती बी.ए. झालेली, शब्द अडला की दुसऱ्या मोबाइलमध्ये अर्थ बघायची. मालेगावच्या स्टँडवर गाडी पन्नास मिनिटं थांबते. ती पन्नास मिनिटं आपल्या सीटवर बसून ती त्या गोऱ्या लोकांवर ओरडायची, "अरे, चाल ना वर! पानी येऊन राह्यलं अन् तू सामान कायले बांधतं?" प्रवाशांना मागे सरका म्हणताना तिचा जो सूर असतो तोच.

सहा महिने हे चाललं. साडेतीनशेवर घरं तिने रिकामी केली. पण तिचा जीव अडकला तो बेर्टा नावाच्या म्हातारीत. ही बेर्टा धरणाचा दरवाजा सांभाळते. तिला ऐकू कमी येतं, स्वभाव तिरसट. पहिल्या भेटीत ती दार लावून घेते. वैजयंती गेममध्ये तिच्याकडे रोज जायची. लाकडं नेऊन द्यायची, छपराचा पत्रा ठोकून द्यायची. चाळिसाव्या भेटीत म्हातारी पहिल्यांदा म्हणाली, आत ये. त्या दिवशी वैजयंती इतकी खूश होती की शिरपूरला दोन प्रवासी उतरायचे राहिले आणि ते माझ्या अंगावर आले.

गोष्ट अशी होती की शेवटी धरणाचा दरवाजा हाताने फिरवून उघडावा लागतो. ते काम फक्त बेर्टाला येतं. ती आत राहते, पाणी वाढतं, आणि तिला बाहेर काढायला माणसं वेळेत पोचली तर वाचते, नाही तर बुडते. माणसं वेळेत पोचणार की नाही हे ठरतं एका आकड्यावर. त्याला तयारी म्हणतात. तयारी पंच्याहत्तर टक्के असेल तर बेर्टा वाचते.

वैजयंतीची तयारी होती पन्नास.

"काहीतरी राह्यलं असंन माह्याकडून," ती म्हणाली आणि पुन्हा सगळ्या गावातून फिरली. उरलेली घरंही रिकामी केली. आकडा पन्नासच. शेवटी स्नेहाने फोनवर शोधून सांगितलं, की आई, एकट्याने खेळून पन्नासच्या वर जातच नाही. वरचे टक्के मल्टिप्लेअरमधून येतात. म्हणजे नेटवर चार जणांनी एकत्र येऊन खेळायचं. त्यात गोष्ट नाही, बेर्टा नाही, गाव नाही. एक बांध आहे, त्यावर अर्धा तास वाळूची पोती रचायची, बस.

त्या दिवशी मालेगाव ते रिसोड मी जे ऐकलं ते ऐकून मला वाटलं, हा गेम माझ्याच बापाने बनवला असावा.

"भागवतभाऊ, गोष्ट माही. सहा महिने मी एकटीनं निभावली. ज्यानं त्या म्हातारीचं तोंडही पाह्यलं नाही, त्यानं पोतं कुठं ठेवलं याच्यावर तिचं मरन काहून?"

मी म्हणालो, "अवं, गावावर पानी आलं तं दहा लोक लागतातच. एकट्यानं कोनी वाचते का?"

"लोक लागतात ना! पन माह्या गोष्टीतले लोक. चारशे घरं मी डोंगरावर नेली. त्यातल्या एकाले दोर धरता येत नाही?"

मी उगाच हॉर्न वाजवला.

तरी तिने प्रयत्न केला. नेटवरच्या अनोळखी लोकांबरोबर पंधरवडाभर खेळली. त्या लोकांचं काय सांगावं! एक जण पूर्ण अर्धा तास एकाच जागी उड्या मारत होता. एक शिव्या द्यायचा, आणि त्याही चुकीच्या माणसाला. एक सत्ताविसाव्या मिनिटाला निघून गेला, आणि चौघांतला एक जरी निघाला तर टक्के मिळत नाहीत. ज्याने खोली उघडली, म्हणजे डाव मांडला, त्याचेच टक्के वाढतात, पाच. बाकीच्यांना नुसती नाणी मिळतात, ज्यांचं काही येत नाही. आणि ज्या दिवशी तुम्ही स्वतःची खोली उघडून जिंकला नाहीत, त्या दिवशी तुमचे दोन टक्के उतरतात. आपण घरी झोपलेलो असलो तरी बांध आपोआप ढासळतो म्हणे. ज्या माणसाच्या डोक्यातून हे निघालं त्याला मी एकदा भर उन्हात रिसोड ते मालेगाव उभ्याने नेणार आहे.

एवढं करून ती एकसष्टवर पोचली, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर गेममध्ये सूचना आली. अठ्ठावीस तारखेला मल्टिप्लेअर कायमचं बंद. खेळणारे कमी झालेत, कंपनीला परवडत नाही. गोष्ट राहील, पण टक्के मिळवायची सोय जाईल.

"म्हंजे अठ्ठावीसच्या आत पंच्याहत्तर झाले नाही," ती म्हणाली, "तं बेर्टा मेली. कायमची."

सोळा तारखेला डेपोच्या कॅन्टीनमध्ये ती आमच्यासमोर उभी राहिली. आम्ही म्हणजे मी, हेमसिंग मेकॅनिक आणि कॅन्टीन चालवणारा फुलचंद. म्हणाली, "माह्यासंगं सावड करता का?"

सावड म्हणजे काय हे आमच्याकडे शेतात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आज तुम्ही माझ्या वावरात, उद्या मी तुमच्या. बैल असोत की माणसं, जेवढे दिवस घेतले तेवढे फेडायचे. आम्ही तिघेही हसलो आणि हो म्हणालो. चौघांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या होत्या, तरी सुट्टीच्या दिवशीही डेपोत यायचं ठरलं. दुपारची पाऊण तासाची सुट्टी आणि अर्ध्या तासाचा डाव, म्हणजे दिवसाला एकच डाव बसत होता. सतरा ते अठ्ठावीस, बारा दिवस.

पहिल्या दिवशी तिची खोली. आमचा खेळ काय वर्णावा! सव्वीस वर्षं मी विनाअपघात गाडी चालवली, आणि त्या बांधावरून अर्ध्या तासात अकरा वेळा पाण्यात पडलो. हेमसिंगला तिथे एक बंद पडलेली मोटरबोट दिसली. तो पोती सोडून तिच्या इंजिनाजवळ बसून राहिला. "इतली चांगली बोट, कोनं मोकळी सोडली?" फुलचंद खेळता खेळता गिऱ्हाइकाला "दोन कट!" ओरडायचा आणि त्याचा माणूस बांधावर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. तरी वैजयंती एकटीच आमच्या वाटची पोती ओढत होती, म्हणून जिंकलो. सहासष्ट झाले.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हेमसिंगभाऊ, आज तुमची खोली उघडा."

हेमसिंग म्हणाला, "मायी कायले?"

"सावड हाये ना? आज तुमची पाळी."

आता बघा. हेमसिंगच्या मोबाइलमध्ये नुसता मल्टिप्लेअरचा भाग होता. त्याची काही गोष्ट सुरू नव्हती, त्याला कुणाला वाचवायचं नव्हतं. त्याची तयारी वाढून उपयोग शून्य. पण बाईने त्याची खोली उघडायला लावली आणि त्याच्यासाठी अर्धा तास जीव तोडून पोती वाहिली. तिचे दोन टक्के उतरले. तिसऱ्या दिवशी फुलचंदची पाळी, आणखी दोन. चौथ्या दिवशी माझी, आणखी दोन. एकसष्टवर सुरुवात केली होती, चार दिवस चौघे राबलो आणि साठवर आलो.

मी स्टिअरिंगवर बोटांनी हिशोब केला होता, आणि तो मी तिला दुसऱ्याच दिवशी शिरपूरच्या थांब्यावर सांगितला होता. सलग तीन दिवस तुझी खोली उघड. एकसष्टचे शहात्तर होतात. म्हातारी वाचव. मग उरलेले नऊ दिवस आम्हा तिघांना तीन तीन फेड. बारा दिवस बरोबर बसतात. यापेक्षा सोपं काय असतं?

ती म्हणाली, "पाळी सोडून पुढं जात नाही मी."

"काहून पन?"

"पाळी म्हंजे पाळी."

हेमसिंग म्हणाला माझी पाळी घे, ती नको म्हणाली. फुलचंद म्हणाला, माझ्या मोबाइलले रेंज नाही. तिने स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू केलं आणि म्हणाली, घ्या, आता आली. मी म्हणालो, सावड नको म्हणू, इर्जिक म्हण. इर्जिकीत लोक येतात, एक दिवस राबतात, तू जेवू घाल, फेडायचं काही नाही. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे रागाने बघून म्हणाली, "आमच्या घरून सारे इर्जिकीले गेले, भाऊ. आमच्या वावरात कोनी आलं नाही. मले इर्जिक नका सांगू." आणि तिने डबल बेल मारली. गाडीत तेव्हा एकही प्रवासी नव्हता.

एकवीसला तिची पाळी पुन्हा आली. पासष्ट. मग त्रेसष्ट, मग एकसष्ट. सात दिवस आम्ही चौघांनी जेवण सोडून पोती रचली आणि होतो तिथेच उभे होतो. बेर्टा तिकडे धरणात वाट बघत होती आणि इकडे ही बाई फुलचंदच्या नावाने बांध बांधत होती. मला झोपेतही पोती दिसायला लागली.

चोवीस तारखेला माझी पाळी होती. कॅन्टीनमध्ये आम्ही चौघे बसलो. वैजयंती म्हणाली, "भागवतभाऊ, उघडा खोली." आणि माझा पारा चढला. मी मोबाइल टेबलावर आपटला.

"नाही उघडत! पाच दिवस राह्यले. आजपासून तीन दिवस तुही खोली उघडली तरच ती म्हातारी वाचते. मले त्या टक्क्यांचं काय लोणचं घालायचं हाये? किती वेळा सांगू तुले? आधी एकाचं होऊ द्या, मंग दुसऱ्याचं पाहू! आधी तुहं, मंग आमचं! यात कोनाचं काय जाते?"

सगळं कॅन्टीन आमच्याकडे बघायला लागलं. वैजयंती ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हे वाक्य मले पाठ हाये," ती म्हणाली. "मी सात वर्षांची व्हती. शालिग्रामकाका आमच्या अंगनात आले अन् बाबाले म्हनाले, माणिक, आधी आमचं होऊ दे, मंग तुह्याकडं येतो. बाबानं आपली बैलजोडी घेतली अन् चार दिवस तुमच्या वावरात पेरलं. पाचव्या दिवशी बाबा वावरात जाऊन बसले. सहाव्या दिवशी बसले. तुमच्याकडून कोनी आलं नाही. ओल चांगली व्हती तेवढे दिवस निघून गेले अन् मंग पाऊस लागला. आमची पेरनी उशिरा झाली. त्या वर्षी आमची ज्वारी अर्धी बी झाली नाही." तिने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. "आधी माहं, मंग तुमचं, हे मी जन्मात कोनाले म्हननार नाही. म्हातारी मेली तरी चालंन."

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. त्या चार दिवसांत माणिकरावच्या बैलांमागे तिफण मी धरली होती. बैल मला आठवतात, एक तांबडा होता. पाचव्या दिवशी आपण त्यांच्याकडे जायला हवं होतं हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नव्हतं. बाप म्हणाला असेल उद्या बघू, आणि मी आपला घरी बसलो असेन.

मला फार राग आला. हेमसिंग-फुलचंदसमोर बोलली म्हणून तिचा आला. सहा वर्षं एका गाडीवर असून एका शब्दाने बोलली नाही म्हणून त्याहून जास्त आला. बारा वर्षांपूर्वी वारलेल्या बापाचा आला, आणि स्वतःचा आला. मी उठून बाहेर गेलो आणि गाडीला उगाच एक चक्कर मारली, टायरांवर लाथा मारल्या. मग परत आत आलो.

"चार दिवस," मी म्हणालो. "आमच्याकडं तुमची चार दिवसांची सावड हाये. आज पाळी माही. तिचं काय करायचं ते मी ठरोतो. हा त्यातला पहिला दिवस. तुही खोली उघड."

ती म्हणाली, "बैलांचे चार दिवस व्हते, भाऊ."

"बैल आता नाहीत. मी हावो."

फुलचंद कपबश्या विसळता विसळता म्हणाला, "सारखंच पडते."

हेमसिंग इतका हसला की त्याला ठसका लागला. वैजयंती हसली नाही. ती म्हणाली, "हे चालते. हे तुमच्याकडं हायेच." आणि तिने स्वतःची खोली उघडली. सहासष्ट.

पंचवीसला तिची स्वतःची पाळी. एकाहत्तर. आता एकच डाव हवा होता, आणि सव्वीसला पाळी होती हेमसिंगची! त्याच्याकडे तिचं काही नव्हतं. तो म्हणाला, "घे न माय मायी पाळी," ती म्हणाली, नाही. मी डोक्याला हात लावला. सत्तावीसला फुलचंद, अठ्ठावीसला मी. तोवर सदुसष्टवर येणार आणि माझ्या पाळीने बहात्तर होणार. तीन टक्क्यांनी म्हातारी बुडणार.

मग मला आमच्या धंद्यातली गोष्ट आठवली. डेपोत आम्ही रोज करतो. याची मुक्कामी गाडी त्याने घ्यायची, त्याची सकाळची याने. ड्युटी बदलून घेण्यात कुणाचे उपकार नसतात. "हेमसिंग," मी म्हणालो, "तुही सव्वीसची मले दे, माही अठ्ठावीसची तू घे."

"घेतली," तो म्हणाला.

वैजयंतीने यात खोट शोधायचा बराच प्रयत्न केला. तिला ती सापडली नाही, कारण तिने स्वतः माझ्या गाडीवर असून पन्नास वेळा ड्युट्या बदलून घेतल्या आहेत.

सव्वीसला माझ्या बापाकडचा दुसरा दिवस फेडला. त्या डावात मी एकदाही पाण्यात पडलो नाही. शहात्तर.

शेवट तिने त्याच संध्याकाळी मालेगावच्या स्टँडवर खेळला, गाडी थांबते त्या पन्नास मिनिटांत. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. बेर्टा चाक फिरवत होती, पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. मग वरून दोर आला. तोंडं झाकलेली चार माणसं उतरली, त्यांनी म्हातारीला उचललं आणि वर काढलं. गावातले लोक डोंगरावर टाळ्या वाजवत होते. आणि वैजयंतीची ती बाई, जी सहा महिने लाकडं नेत होती, ती लांब काठावर उभी होती. म्हातारीने त्या चौघांना विचारलं, कोरडे मोजे आहेत का? गेम संपला.

"वाचली ना बुवा!" मी म्हणालो. मला खरंच भरून आलं होतं.

वैजयंती मोबाइलकडे बघत म्हणाली, "हे चार जन कोन?"

"आपन. पोती रचनारे."

"यायले गोष्टीत कधी पाह्यलं नाही. तिले यायचं नाव माहीत नाही, यायले तिचं. मी चाळीस वेळा तिच्या दारात गेली अन् मले काठावर उभं केलं." ती चिडली होती, पण डोळे पुसत होती. "अन् दोन दिवसांनी हे बंद. मंग जो कोनी नवा खेळंन, त्यानं कितीही जीव लावला तरी त्याची म्हातारी मरनारच. त्याले समजनारही नाही काहून मेली ते. असं कोनी करते का, भाऊ?"

मी मुळात मल्टिप्लेअरच्या बाजूचा होतो. लोकांशिवाय कोणी तरत नाही असं मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं. पण असं तारखेत आणि टक्क्यांत अडकवून माणसाच्या गोष्टीचा शेवट ठरवणं हा चावटपणा आहे, आणि तसं मी गेमखाली एक चांदणी देऊन मराठीत लिहून टाकलं. कुणी वाचलं नसेल.

आता कुणालाही वाटेल की संपलं. सत्तावीसला ही बाई कॅन्टीनमध्ये हजर. फुलचंदची पाळी. म्हातारी वाचली होती, उद्या मल्टिप्लेअर बंद होणार होतं, फुलचंदला टक्क्यांचं काहीच करायचं नव्हतं. तरी तिने त्याच्यासाठी पोती वाहिली. अठ्ठावीसला हेमसिंगसाठी वाहिली, आणि त्याला पहिल्या दिवसापासून हवी होती ती मोटरबोट ढकलून पाण्यात घालून दिली. ती बुडाली. डाव संपल्यावर पाटी आली की खेळल्याबद्दल आभार. वैजयंतीने मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "दोन दिवस राह्यले, भागवतभाऊ."

"बंद झालं ना आता सारं!"

"गेम बंद झाला," ती म्हणाली आणि गाडीकडे चालायला लागली.

मी दोन दिवसांची रजा टाकली. बायको म्हणाली, डोकं फिरलं का? मी म्हणालो, हो.

माणिकराव आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. गावात एकटे राहतात, दोन एकर अजून स्वतः करतात, लेकीचं ऐकत नाहीत. हरभरा सोंगायला आला होता. मी सकाळी सातला बांधावर उभा राहिलो. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कोन?"

"शालिग्रामचा भागवत."

"वैजीनं पाठोलं?"

"नाही. बापाकडचे चार दिवस व्हते. दोन तिकडं झाले. दोन इकडं करतो म्हनलं."

तिकडं म्हणजे कुठं, हे त्यांनी विचारलं नाही. घरातून विळा आणून माझ्या हातात दिला आणि एक पट्टा दाखवून म्हणाले, ही पात तुही.

दुपारपर्यंत माझी कंबर गेली. सव्वीस वर्षं सीटवर बसून पोट सुटलेलं, वाकता येईना. मी पात संपवून उभा राहिलो तर म्हातारा मागून बघत आला. "हे कोनासाठी ठेवलं?" मागे झाडं उभी राहिली होती, बरीच. "पुन्हा धर." मी पुन्हा धरली. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला तीनदा पुन्हा धरायला लावलं आणि एकदाही बरं म्हटलं नाही. मी मनातल्या मनात बाप आणि लेक दोघांनाही भरपूर बोललो.

निघताना म्हणालो, "उद्या येतो, काका."

ते विळा पुसत होते. "तुहा बापही हेच म्हनला व्हता," ते म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितलं.

मी रिसोडला घरी गेलो नाही. गावातच चुलतभावाकडे राहिलो आणि सकाळी पावणेसहालाच वावरात पोचलो. अजून नीट उजाडलं नव्हतं. म्हातारा माझ्याआधी येऊन बांधावर बसला होता, रस्त्याकडे तोंड करून. मी दिसलो तसा तो उठला. त्या वर्षीही तो दोन दिवस असाच बसला होता, आमच्या घराच्या वाटेकडे बघत, आणि मी त्या दोन दिवसांत काय करत होतो हे मला कितीही आठवून आठवत नाही.